खंडू आणि चिंगी : म्हाताऱ्या बोक्याला घरात रुळवतानाच्या नोंदी

२२ नोव्हेंबर

पलीकडच्या गल्लीतल्या काकी मुलाकडे पुण्याला निघाल्या, कायमच्या. त्यांचा खंडू आपल्याकडे राहणार हे आज पक्कं झालं. काकी म्हणाल्या, "सातव्या मजल्यावर फ्लॅट हाय. पोरगा-सून दिवसभर कामावर. ह्याला तिथं करमायचं न्हाई, आणि मला ह्याचं हाल बघवायचं न्हाईत."

खंडू बारा-तेरा वर्षांचा, केशरी, नसबंदी झालेला. एकाच घरात, एकटाच वाढलेला, बाहेर फारसा न गेलेला. आमची चिंगी तीन वर्षांची भाटी, तिचीही नसबंदी झालेली. सोपा, मधलं घर, परडं आणि मागची कौलं, सगळं तिचंच.

ही वही जिन्याच्या खिळ्याला टांगून ठेवतोय. घरात खायला घालणारे हात चार आहेत. कुठपर्यंत आलोय, पुढचं दार कधी उघडायचं, हे प्रत्येकाला माहीत पाहिजे. आई, तूही वाचायचीस.

२४ नोव्हेंबर

माडीवरची खोली रिकामी केली. ही खंडूची. दार नीट लागतं, खिडकीला गज आहेत, दुपारचं ऊन येतं.

भांड्यांचा विचार आधी केला. शी-शूसाठी पसरट प्लास्टिकचं घमेलं घेतलं, काठ चार बोटांचा. बाजारातले मांजरांचे उंच काठाचे ट्रे तरण्या मांजराला ठीक. म्हाताऱ्याला पाय उचलून आत जायला जड गेलं की तो बाहेरच बसतो, आणि मग घरचे 'घाण करतो' म्हणून त्याच्यावर चिडतात. घमेल्यात काकींच्या घरची वापरातली थोडी वाळू खाली आणि नवी वर. पाण्याची वाटी जेवणापासून लांब, खिडकीखाली. एक खोका आडवा करून कोपऱ्यात ठेवला. काकींकडून त्याची वाकळ आणली, न धुता. धुवायची नाही, वास हाच त्याचा ओळखीचा मुलूख आहे.

पुसायला फिनाइल बंद. खालीही बंद. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत. फरशीवरून पायाला लागतं आणि ते पाय चाटून साफ करतात, म्हणजे थेट पोटात. पॅरासिटामॉलचंही तसंच आहे, एका गोळीनं मांजर दगावू शकतं. दोघांपैकी कुणाला ताप आला, लंगडायला लागलं, तरी घरच्या डब्यातली गोळी द्यायची नाही.

२६ नोव्हेंबर

खंडूला काकींच्या घरातून पिंजऱ्यात घातलं, वर पंचा टाकला आणि थेट डॉक्टरांकडे नेलं. वजन ३.४ किलो. रक्ताच्या थेंबावर दोन विषाणूंची तपासणी झाली, एक मांजरांचा ल्युकेमिया आणि दुसरा मांजरांतला एड्ससारखा आजार. दोन्ही नाहीत. ही तपासणी नव्या मांजराला घरातल्याजवळ नेण्याआधीच करायची असते, कारण मुख्यतः चावा आणि लाळ यांतून हे आजार पसरतात.

रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून टाकायचं द्रव्य) थोडं वर, लघवी पातळ. मूत्रपिंडं थकायला लागलीत. म्हाताऱ्या मांजरांत हे नेहमीचं. मागच्या दाढा वाईट, हिरडी लालभडक. एक्स-रेत कोपरं आणि कंबर झिजलेली. डॉक्टरांनी सांगितलं की २००२ साली बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले तेव्हा ९० जणांच्या सांध्यांत झीज सापडली होती. मांजर मात्र लंगडून दाखवत नाही. ते नुसतं उड्या मारायचं बंद करतं, आणि आपण म्हणतो, वयोमानानं शांत झालं.

दुखणं कमी करायचं औषध मूत्रपिंडांमुळे जपून, अगदी थोडं. म्हणजे सांध्यांसाठी घरातच काही सोय करावी लागणार. चिंगीचं तिहेरी लशीचं राहिलेलं इंजेक्शन दोन दिवस आधीच झालं होतं. तरी दोन आठवडे पूर्ण वेगळं ठेवायचं. मांजरांच्या पार्व्होचा (जीवघेण्या उलट्या-जुलाबांचा आजार) विषाणू भांड्यात, फरशीत वर्षभर टिकतो, आणि अंगात असला तरी लक्षणं दिसायला दिवस जातात. वर जाताना वेगळ्या चपला, उतरल्यावर हात साबणानं धुवायचे.

२९ नोव्हेंबर

पहिल्या दिवशी खंडू खोक्याबाहेर आला नाही, खाल्लंही नाही. काल दोन घास. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं, म्हणून 'भूक लागली की खाईल' हे इथे चालत नाही. उकडलेलं चिकन, बिनमिठाचं, त्याचंच पाणी घालून कोमट केलं. कोमट केलं की वास सुटतो. म्हातारपणी नाक मंदावतं, त्यामुळे वास महत्त्वाचा. आज अर्धी वाटी संपवली.

आई गंगावेशीतल्या कट्ट्यावरून समोर पिळलेलं दूध घेऊन आली. "पोटाला थंडावा पडंल त्याच्या." आईची माया कळते, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि मूत्रपिंडं थकलेल्या बोक्याला अंगातलं पाणी घालवून चालणार नाही. दूध मुलीनं प्यायलं. रविवारचा पांढरा रस्साही नाही, चमचाभरसुद्धा नाही. त्यातल्या कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मटण उकडताना त्यांचे तुकडे आधीच बाजूला काढायचे.

११ डिसेंबर

वासाची देवघेव सुरू. घरातल्या दुसऱ्याच एका जुन्या वाकळेचे दोन तुकडे केले. एक खंडूच्या गालांवरून, हनुवटीखालून हलक्या हातानं फिरवला, दुसरा चिंगीच्या. मांजराच्या गालात वासाच्या ग्रंथी असतात. ती दाराच्या चौकटीला, आपल्या पोटरीला गाल घासते ते त्यासाठीच. मग तुकडे बदलले आणि जेवणाच्या वाटीपासून हातभर लांब ठेवले. वाटीखाली नाही. जेवायचं असेल तर तो वास सोसावाच लागेल अशी सक्ती नको.

चिंगीचं बघण्यासारखं होतं. मान लांब करून आली, नाक टेकवलं, आणि वरचा ओठ किंचित वर ओढून तोंड अर्धं उघडं ठेवून थिजली. डोळे कुठेच बघत नव्हते. मुलगी म्हणाली, "हिला शिंक येतीय काय?" शिंक नाही. वरच्या पुढच्या दातांमागे टाळूत दोन बारीक छिद्रं असतात, त्यांतून ती वास वेगळ्या इंद्रियाकडे नेते. नाकानं कळतं ते 'काय आहे'. इथे कळतं 'कोण आहे, नर की मादी, कसल्या अवस्थेत'. चिंगीनं असं तीनदा केलं. मग तुकड्यावर फिस्कारली आणि उठून चुलीकडे गेली. खंडूनं तिचा तुकडा हुंगला आणि त्यावरच झोपला. ह्यात मैत्री नाही, तो कापडावर झोपतो एवढंच. पण घाबरला नाही, हे लिहिण्यासारखं.

१३ डिसेंबर

वेगळं ठेवायचे दिवस उलटले, दोघंही ठणठणीत. माडीच्या बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. पहिल्यांदा दारापासून पाच-सहा हात लांब, मग दर जेवणाला थोडं जवळ. कुणी ताट सोडून दाराकडे बघत बसलं तर पुढच्या वेळी पुन्हा मागे. चिंगीला माडीच्या जिन्यावर जेवायला बायको घालते, खंडूला आत मी. दोघांची वेळ एकच.

२० डिसेंबर

खंडूच्या दाढा काढल्या. आधी आणि नंतर सलाइन, मूत्रपिंडांसाठी. दोन दाढा हिरडीच्या कडेला आतून विरघळत चालल्या होत्या. मांजरांत हे पुष्कळ होतं आणि अतिशय दुखतं. ते दुखणं घेऊन तो इतके दिवस जेवत होता. दोन मांजरं जुळवायची घाई असलेल्या कुणालाही हेच सांगेन, आधी म्हाताऱ्याचं तोंड उघडून बघा. दुखणाऱ्या अंगाला कुणीही जवळ आलेलं नको असतं.

परत आणल्यावर चिंगी दाराच्या फटीतून नाक लावून गुरगुरली, पहिल्या आठवड्यापेक्षा जोरात. दवाखान्याचा, औषधाचा, परक्या जनावरांचा वास. तिच्या लेखी हा तिसराच कुणी आलाय. एकत्र वाढलेली सख्खी भावंडंही अशा वेळी कधीकधी एकमेकांना ओळखत नाहीत. खंडूला त्याच्या वाकळेत गुंडाळून ठेवलं, दाराजवळचं जेवण दोन-तीन दिवस बंद, मग पुन्हा लांबून सुरुवात.

३ जानेवारी

उद्यमनगरातून वेल्डिंगची जाळी आणि अँगल आणून माडीच्या चौकटीत जाळीचं दार बसवलं. जाळी अर्ध्या इंचाची. पंजा आरपार जात नाही. पहिले दिवस जाळीला आतून धोतराचं पान बांधलं आणि ते खालून रोज टीचभर वर गुंडाळत गेलो. आधी पायच दिसले, मग पोट, मग तोंड.

काय बघायचं ते सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. फिस्कारलं तर घाबरायचं नाही. फिस्कारणं म्हणजे 'लांब राहा' एवढंच सांगणं, आणि दुसरं मांजर लांब राहिलं की ते संपतं. भ्यायचं ते गप्प बसून टक लावून बघण्याला. अंग जमिनीला, कान बाजूला पडलेले, पापणी न हलवता नजर, शेपटीचं टोक तेवढं वळवळतंय, असं दिसलं की मध्ये पुठ्ठा घालायचा. मान फिरवली, पंजा चाटायला घेतला, डोळे सावकाश मिटून उघडले, तर चांगलं चाललंय. आपणही तसेच डोळे मिटायचे. खंडू उत्तर देतो.

१२ जानेवारी

आज पहिल्यांदा मध्ये काहीच नाही. मधल्या घरात, जेवणाच्या वेळी, थोडाच वेळ. दोघंही भुकेले पण कडाडून भुकेले नव्हेत. खंडू भिंतीकडेला, चिंगी फडताळाजवळ. दोघं जेवले. चिंगी दोनदा थांबली, पुन्हा जेवली. वाट्या रिकाम्या व्हायच्या आत खंडूला उचलून वर नेलं. चांगलं चाललेलं असतानाच थांबवायचं.

१८ जानेवारी

अडकलंय. खंडू जिना उतरून खाली येतो आणि मधल्या घराच्या उंबऱ्याजवळ बसतो. चिंगीला सोप्यातून स्वयंपाकघरात जायची तीच वाट. ती आली की तो फिस्कारतो, आज पंजा मारला. ओरखडा नाही बसला, पण चिंगी दिवसभर कौलांवर राहिली, दुपारी जेवायला उतरली नाही. आई म्हणाली, "म्हातारा लई खडूस निघाला. पाव्हणा असून घरच्या लेकीला दारातनं हाकलतोय." बायकोचं म्हणणं, त्याला पुन्हा माडीवरच ठेवावं, तिथंच त्याचं सुखात जाईल.

मला ते पटत नाही, पण कारण अजून सांगता येत नाही. आता घाई न करता बघायचं.

२४ जानेवारी

रोज संध्याकाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बघतोय. आधी तो जिना कसा उतरतो ते बघा. आमचा जिना जुना, लाकडी, उभा. खंडू पुढचे दोन्ही पाय एकदम खालच्या पायरीवर टाकतो, थांबतो, मग कंबर वाकडी करून मागचं अंग आणतो. खाली पोचला की दमलेला असतो आणि पहिल्या सपाट जागी बसतो. ती जागा म्हणजे उंबरा.

आता चिंगी. ती सोप्यातून येते तेव्हा खंडू आधी मान फिरवतो, हे रोज दिसलं. मग तो वर बघतो, फडताळाच्या फळीकडे, खिडकीच्या कट्ट्याकडे. मागचे पाय गोळा करतो, अंग हलवतो, उडी मारायच्या तयारीत असतो तसा, आणि मारत नाही. पाय पुन्हा सैल सोडतो. तोवर चिंगी दोन हातांवर आलेली असते. तेव्हा फिस्कारतो.

तो वाट अडवत नाहीये. त्याला वाटेतून बाजूला होता येत नाहीये. मांजरं भांडण टाळतात ती उंची वापरून. एक वर जातं, दुसरं खालून निघून जातं, दोघांचाही मान राहतो. चिंगीकडे फडताळ, कपाट, कौलं, सगळं आहे. खंडूकडे फक्त जमीन आहे. पळायला जागा नसलेलं जनावर जागेवरच उभं राहून दात दाखवणार.

२६ जानेवारी

सुट्टी, कारखाना बंद. दिवसभर सुतारकाम केलं. परड्यात पडलेल्या फळ्या आणि आंब्याच्या लाकडी पेट्या घेतल्या. खिडकीच्या कट्ट्यापर्यंत पायऱ्या केल्या. प्रत्येक पायरी वीतभरापेक्षा कमी उंच आणि त्याचे चारही पाय मावतील इतकी खोल, म्हणजे मध्ये थांबून दम घेता येतो. वर गोणपाट ठोकलं, पाय घसरू नये म्हणून. कट्ट्यावर वाकळेची घडी. तसाच दुसरा उतार स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीपर्यंत. कट्ट्यावरून उतरायला दुसऱ्या बाजूनंही पायऱ्या केल्या. एकच वाट असली तर खाली बसलेलं मांजर वरच्याला कोंडून ठेवतं.

जिन्याच्या पायऱ्यांवरही गोणपाट. घमेली आता तीन झाली, दोन मांजरांना एक जास्त. एक माडीवर, एक मागच्या पडवीत, एक न्हाणीच्या बाजूला. ओळीनं शेजारी ठेवली तर मांजराच्या हिशोबी ती एकच जागा. पाण्याच्या वाट्याही तशाच विखरून.

मुलीनं चिकनचे बारीक तुकडे पायरीपायरीवर ठेवून खंडूला वाट दाखवली. दोन वेळा अर्ध्यातून परत फिरला. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा स्वतःहून वर गेला, तुकड्याशिवाय.

२ फेब्रुवारी

चिंगी सोप्यातून आली. खंडू उंबऱ्यावर होता. मान फिरवली, उठला, पहिल्या पायरीवर चढला, थांबला, दुसऱ्या पायरीवर गेला. चिंगी उंबऱ्यापाशी थांबून त्याच्याकडे बघत राहिली, मग भिंतीला घासून आत गेली. ना आवाज, ना पंजा. आई भाकरी थापत होती, थापायची थांबली. "आरं, वाट दिली की त्यानं!"

दिवसभर असंच चाललं. एकदा तर चिंगी जमिनीवर आणि खंडू कट्ट्यावर, तासभर दोघंही झोपले. वजन ३.६ किलो.

९ फेब्रुवारी

गल्लीतला काळा बोका परड्याच्या भिंतीवरून स्वयंपाकघराच्या खिडकीत आला. चिंगी काचेवर धावली, त्याच्यापर्यंत पोचता येईना, आणि तशीच वळून मागे बसलेल्या खंडूवर तुटून पडली. ह्यात खंडूचा काडीचा संबंध नव्हता. पेटलेल्या मांजराला जवळ जे सापडेल त्याच्यावर राग निघतो. बायकोनं हात न घालता दोघांमध्ये परात सरकवली, ते फार बरं केलं. अशा वेळी हात घातला तर खोलवर चावतात आणि मांजराचा चावा पुष्कळदा पिकतो. चिंगीला सोप्यात, खंडूला माडीवर, दिवे मालवून. रागावणं, फटका देणं काही नाही. तिच्या मनातून तो काळा बोका जायला कित्येक तास लागतात, कधी दुसरा दिवसही उजाडतो.

खंडूच्या कानाला ओरखडा, डॉक्टरांना दाखवला. खिडकीच्या खालच्या काचांना आतून बटर पेपर चिकटवला. उजेड येतो, बोका दिसत नाही. भेटी पुन्हा जाळीच्या दारातून. ह्या वेळी पुढे सरकायला पहिल्याइतके दिवस लागणार नाहीत असं वाटतं, जेवताना कुणी अडखळत नाहीये.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. पेठेत पहाटेपासून हलगी, पन्हाळ्यावरून ज्योत घेऊन येणाऱ्या पोरांच्या घोषणा, संध्याकाळी मिरवणूक. मी स्वतः मिरवणुकीत होतो, पण आधी दोघांना वेगवेगळं ठेवून गेलो. खंडू माडीवर खिडकी बंद करून, खोक्यावर जाड घोंगडी टाकून. चिंगी न्हाणीशेजारच्या खोलीत. आवाजानं भेदरलेली दोन मांजरं एका खोलीत ठेवली तर तो आवाज ती एकमेकांच्या नावावर लावतात. रात्री सगळं शांत झाल्यावरही दारं उघडली नाहीत, सकाळच्या जेवणाला उघडली. दोघं नेहमीसारखी.

१ मार्च

जाळीचं दार आता दिवसा उघडं असतं, रात्री लावतो. रात्री खंडूला हवं तेव्हा उठून, कुणाला न भेटता, पाणी प्यायला मिळावं म्हणून.

ती दोघं एकमेकांना चाटत नाहीत, एकत्र झोपत नाहीत. मुलगी विचारते, "ह्यांची दोस्ती कधी होणार?" तिला सांगितलं, झाली तर झाली. खंडू बारा वर्षं एकटा राहिलाय, त्याच्याकडून तशी अपेक्षा धरायची नाही. घर दोघांचं झालंय. काल कट्ट्यावर ऊन होतं आणि चिंगी आधीच तिथं होती, तर खंडू तिसऱ्या पायरीवर, उन्हाची कड जिथवर येत होती तिथे बसला. तिनं मान वर केली, नाक पुढे केलं, त्यानंही केलं. नाकाला नाक लागलं नाही. मग दोघंही आपापल्या जागी.

काकींचा फोन आला होता, व्हिडिओवर दाखवला. त्यांचा आवाज ऐकून खंडू फोनच्या मागे जाऊन बघून आला. काकींना बोलवेना. मुलीनंच त्याच्या सगळ्या पायऱ्या फोन फिरवून त्यांना दाखवल्या.

पुढची कामं : ह्या आठवड्यात क्रिएटिनिन आणि लघवीची फेरतपासणी. ऊन वाढतंय, पाण्याच्या वाट्या चाराच्या सहा करायच्या, त्यातली एक कट्ट्यावर. रंगपंचमीला सकाळपासून दोघंही आत, चिंगीची कौलांकडची खिडकी आदल्या रात्रीच लावायची. रंग केसांवर पडला की चाटून पोटात जातो. रंग खेळून आलेल्या कुणीही अंघोळ केल्याशिवाय मांजरांना हात लावायचा नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवायचं.